सरांच्या नावाआधीची जागा

४ जानेवारी, उमरगा
दे. सरांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार. मुलगा परदेशातून येतोय, म्हणून मानपत्र इंग्रजीत हवं. शाळेचे लोक घरी आले. म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या तुम्हीच एक, बाई. लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की त्यांनाच नवल वाटलं.

शमाला सांगितलं नाही. तिचं लातूरचं स्थळ याच माणसानं मोडलं. सर तेव्हा मुख्याध्यापक, मी नवी शिक्षिका. पाहुण्यांनी माझ्या धाकट्या बहिणीची चौकशी केली. सर म्हणाले, "पोरगी जरा तेज आहे." एवढंच. पुढं कुणी आलं नाही. शमा माझ्याच घरात साठीला आली.

७ जानेवारी
लिहून झालं. एकही विशेषण नाही. आले, शिकवलं, इमारत बांधली, निवृत्त झाले. सगळं खरं. गावात असं उघडंबोडकं मानपत्र कुणी ऐकलं नसेल. ऐकू दे.

सोलापूरच्या सिस्टर क्लारा आठवल्या. खडूनं पांढरी झालेली त्यांची बोटं. इंग्रजीतला विशेषणांचा क्रम त्या फळ्यावर लिहून द्यायच्या: आधी मत, मग आकार, वय, रंग. सर मताच्या पुढं गेलेच नाहीत. उंच, वीस वर्षांची, सावळी शमा त्यांनी पाहिलीच नव्हती.

१० जानेवारी
सर स्वतः आले, काठी टेकत. मी शाळेत दिलेला कागद पुढं केला. 'ऑनरेबल' न्हाय, 'ग्रेट' न्हाय, असं कसं हो बाई?

"तुम्हीच सुचवा, सर. तुम्हाला नेमका शब्द सापडतो."

वाटलं, चेहरा उतरेल. सर खरंच विचार करत बसले. त्यांना काही आठवतच नाही.

शमा चहा घेऊन आली. "बहीण लई गुणी आहे तुमची," सर म्हणाले.

मी आत निघून गेले. हा शब्द तेव्हा कुठं…

११ जानेवारी
शमाला सगळं ठाऊक होतं, सरांचा तेव्हाचा तो शब्दसुद्धा. कधीपासून, विचारलं तर हसली.

उद्या सत्कार. वाचणारही मीच. टायपिंगवाल्याला सरांच्या नावाआधी बोटभर जागा सोडायला लावलीय. जे सुचेल ते हातानं लिहीन.

शमा माझ्या साडीला इस्त्री करत होती. "आपा, 'तेज'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

सांगितलं. म्हटलं, तोच घालते त्यांना.

तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "नको. दुसरा दे काहीतरी. हा माझा आहे."

साडी घडी करून ठेवलीय. जागा कोरीच.