फोटोपुढची वाटी

३ फेब्रुवारी, सकाळी.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, आधी साखर दोनशेच्या खाली आणा, मग ऑपरेशन. आज दोनशे छप्पन्न. चोवीस तारीख दिली आहे. वाचनालयातून आणलेली कादंबरी एकशे बाराव्या पानावर अडकली आहे, पुढची अक्षरं पुसट. आजपासून गोड बंद. ह्यांचं पथ्य मी सात वर्षं सांभाळलं. मला कुणी शिकवायला नको.

५ फेब्रुवारी.
चहा बिनसाखरेचा. नाचणीची भाकरी, पालेभाजी. लोक उगाच बाऊ करतात.
ह्यांच्या फोटोपुढची वाटी मात्र चालू. हे गेल्यापासून दीड वर्ष रोज गोडाची वाटी ठेवते. आज शिरा. नैवेद्य टाकायचा नसतो, म्हणून दुपारी मी घेतला. प्रसाद म्हणजे काही खाणं नव्हे.

९ फेब्रुवारी. दोनशे साठ.
सून कीर्ती म्हणाली, आई, तो प्रसाद आहे हे साखरेला कोण सांगणार? मी म्हटलं, भाव असला की बाधत नाही. तर म्हणते, मग गोळ्याही भावावरच सोडा. एवढी शिकलेली, पण श्रद्धेत कच्ची.
दोष भाताचा आहे. उद्यापासून भात बंद.

१३ फेब्रुवारी.
भात बंद. वाटीत खीर. वाटी लहान घेतली होती, पण ह्यांच्यापुढे बरी दिसेना. पुन्हा मोठी.
खीर शेजारच्या शोभाकडे नेली. ती म्हणाली, माझी दोनशे दहा आहे, तुझ्या नवऱ्याचं मला कशाला? कावळ्याला ठेवावी, तर गॅलरीला कबुतरांची जाळी. विचुंब्याच्या या नव्या बिल्डिंगांत कावळ्याची सोयच नाही.
मीच घेतली.

१८ फेब्रुवारी.
कीर्ती म्हणाली, बाबांना पेरू आवडायचा, तो ठेवा. बरोबर आहे. ठेवला.
तासाभराने उचलला. जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी ह्यांनी बासुंदी मागितली होती. मी मेथीचं पाणी दिलं. वर म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. ते मुकाट्याने प्याले.
संध्याकाळी दोन लिटर दूध आटवलं.

२४ फेब्रुवारी.
दोनशे एकाहत्तर. ऑपरेशन महिनाभर पुढे. डॉक्टरांनी विचारलं, गोड कोण खातं घरात? कीर्ती म्हणाली, बाबा. डॉक्टर म्हणाले, मग त्यांनाही तपासायला घेऊन या.
येताना पुस्तक परत केलं, मुदत संपली होती. कीर्तीने ते वाचलंय, म्हणून शेवट काय होतो ते तिला विचारलं. म्हणाली, डोळे झाले की तुमचं तुम्ही वाचा.
घरी आल्यावर वाटीत मेथीचं पाणी ठेवलं. आता हेच. मन घट्ट केलं.
फोटोत हे त्या रविवारसारखेच मुकाट.
एक चमचा साखर घातली, ह्यांच्यापुरती. मग आणखी एक.
टाकायचं नसतं, म्हणून मी प्याले.