मनगटं उसवली आहेत

मॅग्नी,

लोकर आणायला मी पहिल्या बसने लरविकला चाललेय. तू गाढ झोपला होतास, उठवलं नाही. चुलीवर खारवलेल्या मटणाचं सूप आहे, गरम करून घे.

सूटी मांजरीचं खाणं झालंय. कितीही ओरडली तरी देऊ नकोस, लबाड आहे ती. दुसरी, पिरी, मात्र तुझ्यासमोर तोंड लावणार नाही. घरात माझ्याशिवाय कुणाचा आवाजच तिने ऐकलेला नाही. ताटली ठेव आणि पाठ फिरव.

काल मी विणलेला स्वेटर घातलास, बाह्या मनगटाच्या कितीतरी वर थांबल्या, आणि तू म्हणालास, "आई, हा मांजरालाच घाल." मीही हसले. स्वेटर ताणून वाळवायच्या लाकडी चौकटीवर अजून तुझं शाळेतलंच माप आहे, मी ती कधी सरकवलीच नाही. फोनवर नवं माप विचारणार होते, पण तेवढ्यात तू "ठेवतो गं" म्हणायचास.

आपल्याकडे बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात ती याचसाठी, पोरं वाढली की टोक उसवून पुढे विणता येतं. पहाटे स्वेटरची दोन्ही मनगटं उसवली. तू झोपेत असतानाच तुझ्या हाताचं माप घेतलं, धाग्याने. सूटी तुझ्या छातीवर पसरली होती. जरा वेळ मीही तिथेच बसले.

तुझ्या संध्याकाळच्या परतीच्या बोटीआधी बाह्या होणार नाहीत, हे मला उसवतानाच माहीत होतं. तेव्हा स्वेटर इथेच राहील. न्यायला ये.

आई