हवालदार काशिराम कोळी शुद्धीवर आहे

मी, काशिराम जोमा कोळी, वय छप्पन्न, धंदा पोलीस नोकरी, मूळ राहणार करंजा, तालुका उरण, सध्या राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे. टँकरच्या अपघातानंतर मी मनावरचे उपचार घेतले, तेही इथेच लिहितो. वकीलसाहेब म्हणाले, "हे वाक्य काढा, उगाच वादाला तोंड फुटेल." मी काढले नाही. माझे थोरले बंधू हसुराम पाहुण्यांसमोर बोलून गेले आहेत, "त्याचा डोका फिरलाय. त्याची सही कोन मानील?" माझ्यामागे ते कोर्टातही हेच म्हणतील, याची मला धास्ती आहे. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि घडले ते माझ्याच शब्दांत सांगतो.

महामार्गावर टँकर उलटला तेव्हा मी आणि शिपाई चांगो वाघमारे सर्वांत आधी पोहोचलो. चालक केबिनमध्ये अडकला होता. अग्निशमनची गाडी येईपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला आणि मी त्याच्याशी बोलत राहिलो. गाडी आली, पत्रा कापला, पण तोवर त्याची पकड सैल झाली होती. पंचनामा आटोपून मी घरी आलो, जेवलो. त्यानंतर मात्र त्या हाताला कोणी नुसता स्पर्श केला तरी छाती धडधडू लागे. माझी पत्नी सोनाबाई हिने ताट पुढे केले तरी मी दचकायचो. साहेबांना सांगितले, तर हसून म्हणाले, "कोळी, वर्दीला हे शोभत नाही." त्यांचे नाव लिहीत नाही. राग अजून आहे; तो कोणाच्या नावे करण्यासारखा नाही.

एका दुपारी बंदोबस्तावर माझे पाय रस्त्याच्या मधोमध थिजले. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या. चांगोने वाहतूक अडवली, मला धरून चौकीत आणले आणि इरा मॅडमना फोन केला. त्या पोलिसांसाठी नेमलेल्या समुपदेशक. आम्ही सगळे त्यांना टाळत असू. त्या आल्या आणि समोर बसल्या.

"पायाखाली काय लागतंय?"

"फरशी."

"कशी आहे?"

"गार."

असेच साधेसाधे विचारत राहिल्या. श्वास जागेवर आला तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, मी वेडा झालोय का?"

"नाही. जे पाहिलंत ते अजून अंगात आहे. वेळ लागेल."

वेळ लागला. सगळे गेलेले नाही. पण मी पुन्हा कामावर उभा आहे.

आता व्यवस्था. खांदा कॉलनीतील सदनिका व पतपेढीतील ठेव सोनाबाईची. तिच्या हयातीत कोणी तिला ती सदनिका विकायला लावू नये. तिच्यानंतर ती माझी मुलगी कोमल हिची.

करंजाच्या होडीतला माझा हिस्सा हसुरामदादांना. वडील गेल्यावर होडी त्यांनीच चालवली, मी नोकरीत होतो. त्यांच्या बोलण्याने हा हक्क कमी होत नाही.

चांगोला काहीच देत नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये, असा वकिलांचा सल्ला. त्याला हे सांगितले तर म्हणाला, "मना काय नको, दादा. तुमी सही करा."

जाळी विणायचे सामान कोमलला. उपचारांच्या काळात हात कामात असले की मला बरे वाटे.

कोमलही पोलीस शिपाई आहे. मागच्या महिन्यात खाणीच्या पाण्यात बुडालेल्या मुलींना वर काढले, तेव्हा त्यांच्या आयांना तिने सावरले. तेव्हापासून ती भात नुसता चिवडते. विचारले की म्हणते, "काही नाही, बाबा." मीही हेच म्हणायचो. तिने तोंड उघडण्याआधी मला काही झाले, तर तिला मॅडमकडे कोण धाडणार? हे मृत्युपत्र आत्ताच लिहिण्याचे खरे कारण ते आहे.

इरा मॅडमकडे गेल्याखेरीज तिला सदनिका मिळू नये, अशी अट मी घातली होती. मॅडमनी नको म्हटले. "ढकलून आणलेला माणूस नुसता बसून राहतो. त्यापेक्षा तुमचं तिला सांगा." बाबा उपचार घेतात, एवढेच कोमलला ठाऊक होते, त्या चालकाच्या हाताबद्दल मी घरात कधी बोललो नव्हतो. रविवारी तिला सगळे सांगितले. तिने ऐकले आणि उठून भांडी घासायला गेली. अट मी काढून टाकली आहे.

सहीपूर्वी हाताने वाढवलेला मजकूर: आज वकिलांकडे निघताना कोमल दारात आली. "बाबा, त्या मॅडमकडे माझ्यासोबत याल? आत नाही, बाहेर बसायचं." मी हो म्हणालो. गुरुवारची वेळ मिळाली आहे. बाकीचे देवाच्या मर्जीने होवो. गुरुवारपर्यंत मला काही होऊ नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. साक्षीदारांचे म्हणणे: आम्हा दोघांसमक्ष काशिराम यांनी सही केली आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

सही: काशिराम जोमा कोळी
साक्षीदार: १) चांगो वाघमारे, पोलीस शिपाई २) गंगाबाई ठाकूर, शेजारी

पनवेल, दिनांक १८ नोव्हेंबर २०२५