सातव्या पानाच्या समासात

कोल्हापूर,
बुधवार, दि. ९ जुलै १९९७

चि. सौ. हिस,
अनेक आशीर्वाद. मामा-मामींना माझे शरणार्थ सांग. इकडे सर्व क्षेम. तुझ्या सासूचे, म्हणजे अव्वाचे, गुडघे बरे आहेत, मीही बराच म्हणायचा. आमटीत मीठ तेवढं दोनदा पडतं. एकदा अव्वा टाकते, एकदा मी.

पत्रास कारण की, दिवाळी अंकाच्या प्रेमकथा स्पर्धेची मुदत एकतीस तारखेला संपते. नियम तुला पाठच आहेत. कागदाच्या एकाच बाजूस आणि सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर पाहून केंद्रावर दूध घालायला येणारे विचारतात, "सायेब, ही फॅट हाय का तुमची सही?" तू माझ्या कथेची सात पानं मोत्यासारखी उतरवून दिलीस आणि वाक्य अर्धं टाकून गडहिंग्लजची एसटी धरलीस. गल्लीत मी सांगितलंय, आषाढासाठी माहेरी गेलीय. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर आषाढ पाळणारी सून आपण पहिल्यांदाच पाहिली, असं शेजारच्या चिमणाबाई म्हणाल्या.

आणि सातव्या पानाच्या समासात पेन्सिलीनं '१८' लिहिलंस, ते काय? दुधाची फॅट म्हणावी तर म्हशीचीही एवढी लागत नाही.

कथा मात्र जोरात आहे. केंद्रावरच्या आपल्या गुंडूला वाचून दाखवली. तो कॅन धुता धुता म्हणाला, "सायेब, हिरो तीन दिस रंकाळ्यावर बसलाय. कामधंदा हाय का न्हाय त्येला? जेवतोय कुठं?" त्याचं खरं होतं. हिरोला बँकेत चिकटवला.

तुझा गैरसमज झाला असेल तर लिहून देतो. नायिका मोना ही संपूर्ण काल्पनिक आहे. आमच्या केंद्रावर मोना नावाची बाई नाही. मोना नावाची म्हैससुद्धा नाही.

कळावे,
आपला विश्वासू (सवयीनं लिहिलं गेलं, राहू दे),
व्ही. एस. पट्टणशेट्टी
दूध संकलन पर्यवेक्षक

ता. क. फेअर कॉपीपुरती तरी ये.


कोल्हापूर,
गुरुवार, दि. १७ जुलै १९९७

सौ. हिस,
तुझं कार्ड पोचलं. त्यावर एकच ओळ. "मोनाकडून करून घ्या." उघडं कार्ड असल्यामुळं पोस्टमन, अव्वा आणि चिमणाबाई यांनी ते माझ्याआधी वाचलं. चिमणाबाई तर कंबरेवर हात ठेवून दारातच उभ्या. "काय ओ, कोण ही मोना?"

अब्रूचा प्रश्न होता. त्यांना पायरीवर बसवून कथा वाचायला घेतली. सातव्या पानावर त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा. कवाधरनं मोना मोना चाललंय ह्येचं. आमचं मालक मळ्यातनं येताना दोन बांधांवरनं माझ्या नावानं हाळी द्यायचं. तुमच्या तोंडनं आठ वर्सांत बायकूचं नाव ऐकल्यालं न्हाय मी. अगं, ऐकलीस का, कुठं गेलीस! कुत्र्यालाबी नाव असतंय की."

त्या गेल्यावर मी मोजलं. सात पानांत मोना अठरा वेळा.

आता खरं सांगतो. लग्नात अव्वानं तुझं नाव बदलायचं ठरवलं आणि ताटातल्या तांदळावर माझ्याकडून 'शांतादेवी' लिहून घेतलं. माझं अक्षर तेव्हाही असलंच, कुणालाच वाचता आलं नाही. मला तुझं माहेरचं नाव आवडलं होतं. तुला बघायला आलो होतो तेव्हा तू ते मान खाली न घालता सांगितलंस, तेव्हापासून. पण अव्वासमोर ते घ्यायची छाती झाली नाही आणि 'शांतादेवी' म्हणायला जीभ वळेना. म्हटलं, चार दिवस 'अगं'वर भागवू. चार दिवसांची आठ वर्षं झाली. मोनाला हाक मारायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, म्हणून मारत सुटलो. चुकलो मी.

काल जेवताना अव्वासमोर मोठ्यानं म्हणालो, "दानेश्वरीला आणायला जाणार हाय." ठसकाच लागला. अव्वानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"कोण दानेश्वरी?"

"तुझी सून."

"मग जा की. मला काय नाव सांगत बसलाईस? तिला सांग."

एवढंच. या एवढ्याशा गोष्टीला मी आठ वर्षं भीत होतो.

कथेत मोना खोडून तुझं नाव घातलं. त्यानं कथा पार बिघडली. आता नायिका हिरोला रंकाळ्यावर बसूच देत नाही, पहिल्याच भेटीत चक्कीवर दळण आणायला धाडते. गुंडू म्हणाला, "आता खरं वाटतंया." बक्षीस लागेल असं मला वाटत नाही. उरलेली पानं उतरवायची की नाहीत, ते तू ठरव. मुदत टळली तर टळली.

रविवारी पहिल्या एसटीनं येतोय. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारीन. मामांना आधी सांगून ठेव, नाहीतर जावयाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतील. पहिल्या हाकेला आली नाहीस तरी माझी तक्रार नाही. अठरापर्यंतची तयारी करून येतोय.

दानेश्वरीचा,
वीरेश