मिओची खानावळवाली

५ जुलै, शनिवार

पडून पडून पाठ आंबली. पायाला प्लास्टर, आणि आतून, खानावळीच्या स्वयंपाकघरातून, शकुबाईचा भाकरी थापायचा आवाज — थापते की झोपते कळत नाही! ओरडले तर सूनबाई येऊन दार ओढून घेते. म्हणे, "आई, तुम्ही ओरडलात की शकुबाई मीठ दोनदा टाकते." हसू आलं. दाखवलं नाही.

ही डायरी माझ्या लेकाला, राकेशला, विजेच्या प्लँटवर मिळाली, त्याने माझ्या उशाशी टाकली. चौथीनंतर आत्ता पेन धरतेय. वाचणारं कोणी नाही, चुकलं तर चुकलं.

६ जुलै, रविवार

सूनबाईने, आरोहीने, परत विषय काढला. पुण्याचा कोर्स. गोष्टी-कादंबऱ्या लिहायला शिकवतात म्हणे, एक वर्ष. निवड झालीय, वीस तारखेपर्यंत हजर व्हायचं. राकेश म्हणतो, आईला विचार. म्हणजे वाईटपणा माझ्याकडे!

मी म्हटलं, खानावळ कोण बघणार? एकलहऱ्याच्या प्लँटवरची पोरं काय उपाशी राहतील? माझं प्लास्टर निघू दे, मग बघू. प्लास्टर निघायला ऑगस्ट उजाडणार. तिला माहीत आहे, मलाही.

"बरं," म्हणाली आणि डबे भरायला गेली. रडली असती तर दोन शब्द सुनावता तरी आले असते.

८ जुलै, मंगळवार

आज फजिती झाली माझी.

शेजारच्या पायलकडून आरोहीने चित्रांची पुस्तकं आणली. जपानची, अक्षर इंग्रजी. म्हणाली, चित्रं बघा, तेवढा वेळ तरी भाजीत पाणी किती ते विचारणार नाही. बघितली. पहिल्याच पानावर एक पोरगी स्टेजवर, लोक टाळ्या वाजवतायत. मग बक्षीस तिच्या हातातून गेलं. मग शाळेत. मग एकटी गप्प घरात बसलेली. म्हटलं काय हा अन्याय, दिलेलं बक्षीस काढून घेतात! दुपारभर जीवाला लागून राहिलं.

संध्याकाळी आरोहीला सांगितलं तर ती हसता हसता खालीच बसली. ही पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात. मी शेवटाकडून आले होते.

राग आला. मग गेला. लग्न होऊन आल्यापासून ही अशी हसलेली मी बघितली नव्हती.

११ जुलै, शुक्रवार

डबे गेले की दुपारी आरोही पुस्तक घेऊन येऊन बसते. बोट चित्रावर, तोंडाने मराठी.

पोरीचं नाव मिओ. शाळेतलीच, पण कादंबरी अशी लिहिली की मोठमोठे लेखक गार. वागायला मात्र एकदम तिरपागडी! पाण्याच्या टाकीवर चढून लिहिते. बक्षीस द्यायला आलेल्या म्हाताऱ्या लेखकाला तोंडावर सांगते, तुमचं पुस्तक अर्ध्यात सोडलं, कंटाळा आला. समोर भाषण चाललेलं असताना डबा उघडून जेवायला बसते.

मला आवडली. आरोही म्हणाली, "तुमच्यावर गेलीय." म्हटलं, छे, मी लोक जेवत असताना भाषण करते, हिचं उलटं.

आज माझं डोकंही धुऊन दिलं तिने, बादली लावून, प्लास्टरवर थेंब न पाडता. पोटची असती तर दहा वेळा कुरकुरली असती. तोंडावर बोलायला जमत नाही मला, म्हणून इथे लिहिते. बरं वाटलं गं बाई.

१३ जुलै, रविवार

दोन भाग संपले. तिसरा, शेवटचा, पायलची मैत्रीण सटाण्याला घेऊन गेली. लोकांना आणलेलं परत द्यायचं कळत नाही! आरोही म्हणाली, मी कॉलेजात असताना वाचलाय, तोंडी सांगते. म्हटलं सांग, मेथी निवडता निवडता सांग.

तर मिओ घर सोडते. एका खानावळीच्या माडीवर खोली घेते. खानावळवाली म्हातारी तोंडाने लय फाटकी. ताटात भात उरवला तर गिऱ्हाइकाला उठू देत नाही. पण वर मिओ लिहीत बसली की जिन्यात कोणाला पाय ठेवू देत नाही. तिच्यासाठी माशाचा मोठा तुकडा झाकून ठेवते. म्हातारीला फारसं वाचता येत नाही, म्हणून मिओ भांडी घासताना तिला आपलं लिहिलेलं सांगते.

मी विचारलं, जपानातही अशा बाया असतात?

"सगळीकडे असतात, आई."

१४ जुलै, सोमवार

म्हातारीने आज एका साहेबाला खानावळीतून हाकललं. छान केलं.

१६ जुलै, बुधवार

आज गोष्ट बिघडली.

म्हातारी घसरून पडली, पाय मोडला. तेवढ्यात मिओला लांबच्या शहरातून बोलावणं आलं, लिहिणाऱ्यांच्या शाळेचं. ती गेली नाही. खानावळ बघायला लागली. टाकीवर चढणं बंद.

मी विचारलं, मग म्हातारी काय म्हणाली? तर म्हणे काहीच नाही. पोरगी राहिली, तिला बरं वाटलं.

"आणि पुढे?"

"पुढे काय. मिओ भात छान शिजवायला शिकली."

असं कसं! अशी पोरगी, आणि भात? म्हातारीला अक्कल आहे की नाही! धरून हलवलं पाहिजे तिला. बरंच बोलले मी. आरोही मेथीच्या काड्या गोळा करत होती. मान वर केली नाही. पुढचं उद्या, म्हणाली.

१७ जुलै, गुरुवार

सकाळपासून भिंतीवरचे बाबासाहेब माझ्याकडे बघतायत. कूस बदलावी तर प्लास्टर.

तिचाही पाय, माझाही पाय. दुधखुळी नाही मी. त्या जपानच्या बाईने जे केलं तेच मी इथे पडून करतेय. तिला अक्कल नाही असं कालच ओरडले, सगळ्या घराने ऐकलं.

दुपारी आरोही परातीत मेथी घेऊन बसली, सांगायला लागली. मी थांबवलं. म्हटलं, पुढचं मी सांगते. म्हातारी म्हणाली, पाय माझा मोडलाय, तुझा नाही. ऊठ, बॅग भर.

ती बघतच राहिली. "मिओला म्हणाली?"

"तुला."

मग रडली. सुनावायचं होतं ते सगळं विसरले मी.

राकेश कामावरून आला तर म्हणतो, खानावळीचं काय? म्हटलं शकुबाई आहे, आणि तू पोळ्या लाटायला शीक.

१९ जुलै, शनिवार

गेली. पाया पडायला वाकत होती, म्हटलं प्लास्टरच्या पाया पडशील का? डोक्यावरून हात फिरवला.

दारातून परत आली. "आई, त्या तिसऱ्या भागाचं एक सांगायचं होतं —" बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता. म्हटलं शेवट सांगू नकोस! एकदा आधी शेवट बघून फसलेय. जा, बस चुकेल.

२६ जुलै, शनिवार

राकेशची पोळी. आकाराबद्दल न बोललेलं बरं. पोरांनी खाल्ली.

आरोहीचा फोन रोज येतो. आवाजच वेगळा आहे तिचा.

३ ऑगस्ट, रविवार

पायलने तिसरा भाग आणून दिला. उजवीकडून उघडला. एकेक चित्र बघितलं, शेवटपर्यंत. मिओ आहे. टाकी आहे. तो म्हातारा लेखक आहे. खानावळ नाही. म्हातारी कुठेच नाही. पायलला विचारलं, अजून भाग आहे का? "तीनच आहेत, मावशी. आणि ह्यात कसली खानावळ?"

मग डावीकडून बघितलं. तिकडूनही नाही.

म्हणजे मेथी निवडता निवडता तिनेच मनाने रचली ती बाई. आणि मला जपानची वाटली! बरं झालं, वेळेत बॅग भरायला लावली.

फक्त, माशाचा मोठा तुकडा मी तिच्यासाठी कधी झाकून ठेवला नव्हता. तोही तिनेच घातला. दिवाळीला येईल. तेव्हा ठेवीन.