माझ्या देखत माझं नाव

हैफा, मंगळवार

ती. स्व. झेल्डाताईस,

धाकट्या गेर्शोमचा शालोम. तुझे गुडघे आणि तिबेरियाचा उकाडा, देवाच्या कृपेनं दोन्ही आटोक्यात असावेत. इकडे सर्व क्षेम. फक्त तुझी भावजय ब्राखा विहीणबाईंशी बोलत नाही आणि जावयाकडे बघत नाही.

त्याचं झालं असं. काल नातवाची सुंता. बाळाला मांडीवर घ्यायचा मान माझा. बाळाचं नाव काय, असं विचारल्यावर निसीमनं (जावई गुणी आहे, पण मोरोक्कोवाल्यांचा) खणखणीत सांगितलं, "गेर्शोम!" अख्खं सिनेगॉग माझ्याकडे वळलं, म्हातारा आहे की गेला ते बघायला. मांडीवर बाळ, त्यामुळे मला कोसळायचीही सोय नव्हती. आपल्यात गेलेल्याचंच नाव ठेवतात हे शेंबडं पोरही जाणतं (जिवंताचं ठेवलं तर मृत्यूचा दूत गोंधळून भलत्यालाच उचलतो म्हणे). मोरोक्कोवाल्यांत मात्र जिवंत आजोबाचं नाव ठेवणं हाच मान. ब्राखा ओरडली, "अहो, माझा नवरा जिवंत आहे! दिसत नाही का?" विहीणबाई म्हणाल्या, "दिसतोय म्हणूनच ठेवलं, बाई! मेल्यावर मान देऊन तो काय चाटायचाय?" निसीम मुकाट्यानं शिव्या खात राहिला.

मग रब्बींनी समजूत घालायला अर्थ सांगितला, आणि आगीत तेल ओतलं. मोशेला परमुलखात मुलगा झाला, म्हणून त्यानं नाव ठेवलं गेर्शोम, 'तिथला परका'. ब्राखा त्यांच्यावर घसरली, "पोर हैफाचं, आईबाप हैफाचे, हा परका कुठला?" रब्बींनी केकची बशी जवळ ओढली. तेव्हापासून ती नातवाला नुसतं 'बाळ' म्हणते, आणि मी दुपारी डुलकी काढली की माझ्या नाकाशी बोट धरून बघते. मला हसू येतं, आणि मग येत नाही.

एकशेवीस वर्षं जग आणि मला रागावत राहा.

तुझा,
गेर्शोम (थोरला)

ता. क. निसीमला खरमरीत पत्र धाडू नकोस. नाव मीच ठेवायला लावलं. बिचारा रडून नाही म्हणत होता. डॉक्टर म्हणतात, हिवाळा निघेल, वसंतातल्या वल्हांडण सणाचं सांगता येत नाही. मी गेल्यावर त्यांनी ठेवलंच असतं गं, पण मला ते ऐकायचं होतं.

ता. क. आणखी एक. आपण बोटीतून उतरलो तेव्हा इथल्या कारकुनाला माझं नाव मला सांगवेना, तूच सांगितलंस. एक तरी गेर्शोम इथलाच असावा असं फार वाटलं. ब्राखाला डॉक्टरांचं अजून ठाऊक नाही. रोज सांगायला बसतो आणि भलतंच बोलून उठतो. ताई, तू ये. याही वेळी तूच सांग.