उजवीकडची सीट

॥ श्री ॥

अल मनखूल, बर दुबई
मंगळवार, १३ मे २०२५

अहो,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. रुचा बरी आहे, मी बरी आहे, बाल्कनीतला कढीपत्ता तेवढा उन्हानं रुसलाय. तुमच्या साइटवरचा अर्श कामासाठी इकडे आला होता, त्याच्या हाती डबा पाठवते आहे: धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू. लाडू सगळ्या साइटला वाटून मोकळे होऊ नका. अर्शचे लाडू मी त्याला वेगळे दिलेत. 'काकू मला विसरल्या' असं तोंड करून आला तर मुळीच ऐकू नका.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही माझं एक तरी वाक्य पुरं होऊ देता का? 'हां हां, कळलं, पुढे बोल,' म्हणता आणि पुढे तुम्हीच बोलता. पत्राला 'हां हां' म्हणता येत नाही. तेव्हा खोलीचं दार लावा, चहा घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. मधेच फोन केलात तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते.

तर विषय फ्रान्सचा.

गेल्या शनिवारी जेवताना तुम्ही बापलेकीनं जो गोंधळ घातलात, त्यानंतर शेजारच्या भाभींनी मला लिफ्टमध्ये 'सब ठीक है ना?' असं विचारलं. मी म्हटलं, सब ठीक है, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून फ्रान्सला जातोय, कसं जायचं त्यावर चर्चा चालली होती. 'चर्चा' म्हणाले, देव मला क्षमा करो.

रुचाचं म्हणणं काही चूक नव्हतं. पॅरिसहून फास्ट ट्रेननं तीन तासांच्या आत आव्हिन्यों, तिथून लॅव्हेंडरची शेतं, मग पुन्हा ट्रेननं समुद्राकाठी नीसला. पोरीनं ऑफिसच्या प्रेझेंटेशनसारखे रंगीत नकाशे केले होते. आणि तुम्ही काय म्हणालात? 'ट्रेनमध्येच बसायचं तर फ्रान्सला कशाला जायला हवं? मिरज जंक्शन काय वाईट आहे?' ती म्हणाली, 'बाबा, इट्स अ हॉलिडे, नॉट अ कार रॅली!' त्यावर तुमची टेप सुरू. इतकी वर्षं गल्फमध्ये गाडी चालवतोय, फ्रान्समध्येही इथल्यासारखंच उजव्या बाजूनं चालवतात, झोपेत चालवीन, वगैरे. शेवटी दोघांनी माझ्याकडे वळून विचारलं, 'तुझं मत काय?'

मी दही आणायला उठले. दही टेबलावरच होतं.

म्हणून आज मत लिहून पाठवते आहे. गाडीनं जाण्यात मजा आहे, ती मी नाकारत नाही. मनात आलं की थांबता येतं, रस्त्याकडेला चेरी दिसल्या की घेता येतात, बॅगा जिन्यांवरून ओढाव्या लागत नाहीत. पण टोल तुम्ही युरोत भरणार, मग तो दिरहॅममध्ये मोजणार, मग रुपयांत, आणि एकाच टोलचं तीनदा दुःख करणार. ट्रेनचं म्हणाल, तर ती आपल्यासाठी थांबत नाही, हे खरं. पण मला ट्रेनची एक गोष्ट आवडते, ती कुणाच्याच नकाशात नव्हती. गाडीत तुम्ही बोलता ते समोर बघून. उजवीकडच्या सीटवर बसून बसून मला तुमचा उजवा गाल तेवढा पाठ झालाय. ट्रेनमध्ये तुम्ही समोर बसाल आणि माझ्याकडे बघून बोलाल. न बोलून जाता कुठे?

बरं. आता आढेवेढे पुरे. खरं लिहायला घेते.

जानेवारीत तुम्ही एकदम म्हणालात, 'गाडी घरीच राहू दे, रुवैसच्या साइटला मी अर्शच्या गाडीनं जाऊन-येऊन करत जाईन. तुला सोयीची पडेल.' मला? ज्या बाईला गाडीचं पेट्रोलचं झाकण कुठल्या बाजूला आहे हे माहीत नाही, तिच्या सोयीसाठी एवढी मोठी गाडी घरी? खोटं बोला, पण जरा रेटून तरी बोला! मी काही विचारलं नाही. पण महिना गेला, गाडी खाली बेसमेंटमध्ये धूळ खात उभी, आणि पुरणपोळीची ऑर्डर पोचवायला मी दर वेळी टॅक्सीला हात करते आहे. मग मला राग आला. म्हटलं, माझ्या सोयीसाठी ठेवलीय ना? मग सोय करूनच घेते.

हो, तुम्ही वाचलंत ते बरोबर वाचलंत. मी ड्रायव्हिंग शिकायला गेले. मंगळवार-गुरुवारचं भजनी मंडळ, ते हेच. मंडळ खरंच आहे, पण ते बुधवारी असतं.

आता शिकायची फाइल उघडायची तर आधी डोळे तपासून घ्यावे लागतात. मी आपली आपल्या गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे गेले. माझे डोळे पास झाले. आणि तो बिचारा सहज म्हणाला, 'मॅडम, सर ने मोतियाबिंद के लिए डॉक्टर को दिखाया क्या? लायसन्स रिन्यू करने आए थे, मैंने टेस्ट के बाद बोला था, फिर आए ही नहीं.'

अहो, मी तिथेच खुर्चीत बसून राहिले. मग खाली येऊन कडक चहा घेतला, आणि उभ्या उभ्या तुमच्यावर इतकी चिडले की चहावाल्यानं पैसे मागायला वेळ लावला. चष्मेवाल्याला माहीत आणि बायकोला नाही! घरी येईपर्यंत रागाची भीती झाली. शारजाच्या लग्नाहून येताना तुम्ही एक्झिट चुकलात आणि 'मुद्दाम लांबून घेतली, हवा छान आहे' म्हणालात, ते आठवलं. 'बोर्ड वाच बघू, तुझं इंग्रजी बघतो' म्हणून माझ्याकडून सगळ्या रस्त्याचे बोर्ड वाचून घ्यायचात, मी मूर्खासारखी मोठमोठ्यानं वाचायचे, ते आठवलं. रुवैसचा तो ट्रकांचा रस्ता, समोरून येणारे दिवे, आणि तुम्ही एकटे. मी देवापुढे बसले आणि रडले, आता लपवून काय करू?

पण मग लक्षात आलं, तुम्ही स्वतःच गाडी सोडलीत. कुणी न सांगता. माणूस शहाणा आहे हो माझा, फक्त तोंडानं कबूल करत नाही. आणि का करत नाही, तेही मला कळतं. मिरजेहून जो कुणी आला, त्याला दुबई तुम्ही दाखवलीत. नवीन आलेल्या पोरांना एअरपोर्टवरून आणून त्यांच्या खोलीपर्यंत सोडलंत. रुचा जन्मली तेव्हा तिला हॉस्पिटलातून घरी आणताना असे हळू चालवत होतात की मागच्या टॅक्सीवाल्यानं शिव्या घातल्या. चावी हातात नसली तर आपण कोण, असं तुम्हाला वाटतं. वेडे आहात. लोकांना तुम्ही हवे असता, गाडी नव्हे.

म्हणून मी गप्प बसले. तुम्ही 'गाडीनंच जायचं' म्हणून जितक्या जोरात ओरडलात, तितकं मला कळत गेलं. ओरडलात खरं, पण गाडी बुक करायला हात काही पुढे आला नाही.

आता जरा मजेचं ऐका. माझ्या मास्तरीणबाई झुबेदा म्हणून, हैदराबादच्या. जीभ अशी तिखट की आपला ठेचा गोड लागावा. पहिल्या दिवशी मी आरशात कुंकू नीट आहे का ते बघितलं, तर म्हणते, 'क्या आँटी, आईना पीछे की गाड़ी देखने के वास्ते है, अपने को देखने के वास्ते नै!' चौकात मी समोरच्या प्रत्येकाला हातानं 'या, या' करून पुढे जाऊ द्यायचे. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी वाट देतात ना, ती सवय. परीक्षेत दोनदा त्याच पायी नापास झाले. झुबेदानं डोक्याला हात लावला. 'आँटी, ये आपके घर का हल्दीकुंकू नै है, रोड है! आपका नंबर है तो आप जाओ!' तिसऱ्यांदा मी मनात ते घोकत गेले. माझा नंबर आहे तर मी जाणार. आणि पास झाले! परीक्षक बाईंनी हसून 'मबरूक' म्हणत अभिनंदन केलं, आणि मी त्यांना गाडीत वाकून नमस्कार करायला निघाले होते, झुबेदानं मागून पदर ओढला.

आणि आपला वॉचमन जहूर. एप्रिलमध्ये तुम्ही खाली गेलात, ड्रायव्हरची सीट पुढे ओढलेली दिसली, आणि 'माझ्या गाडीला कुणी हात लावला?' म्हणून त्या भल्या म्हाताऱ्याला फैलावर घेतलंत. बिचारा मान खाली घालून 'सॉरी साब' म्हणत राहिला. त्याला मी मोदकांची लाच दिली होती. येत्या शनिवारी जाऊन त्याची माफी मागा. मोदक मी करून देईन, शब्द तुमचे तुम्ही शोधा.

पहिल्यांदा एकटी शेख झायेद रोडला लागले, त्या सकाळचं काय सांगू! रुचाच्या ऑफिसपर्यंत, म्हणजे थेट जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत गेले. सगळा रस्ताभर मी मोठ्यानं आरती म्हणत होते. एक्झिटचा बोर्ड आला, मी सवयीनं मोठ्यानं वाचला, आणि मग माझी मीच वळले. अहो, मला इतका आनंद झाला की पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी हसत बसले. रुचा खाली आली, मला त्या सीटवर बघून 'ओ माय गॉड, आई!' म्हणून किंचाळली आणि तिनं मला अशी मिठी मारली की हॉर्न वाजला. तिला परवान्याचं माहीत आहे. डोळ्यांचं नाही. ते मला, तुम्हाला आणि चष्मेवाल्याला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता माझं मत. मी मनात मांडे खाल्ले होते की फ्रान्समध्ये मीच चालवीन आणि तुम्ही बघत राहाल. पण रुचानं शोधून सांगितलं, तिथे भाड्याची गाडी हवी तर परवान्याला बहुतेक ठिकाणी वर्ष तरी झालेलं लागतं. माझा परवाना अजून ओला आहे. ऐकून दोन मिनिटं वाईट वाटलं, आणि मग एकदम सुचलं. सगळ्यांना हेच सांगू या! रुचाला, मिरजेच्या मंडळींना, तुमच्या साइटवरच्या मित्रांना सांगा, 'काय करू, बायको हट्टाला पेटली. म्हणते, चालवीन तर मीच, नाहीतर कुणीच नाही. आणि तिला गाडी मिळेना. म्हणून रेल्वे.' सगळे मला हसतील. हसू देत. तुमच्यासाठी एवढं हसू मी आनंदानं घेईन, आणि हट्टी तर मी आहेच.

तेव्हा माझं मत रेल्वेला. या वर्षी रेल्वे, पुढच्या वर्षी गाडी. तोवर माझा परवाना मुरलेला असेल आणि तुमचे डोळे नवे असतील. शनिवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्या म्हणाल्या, अगदी साधं ऑपरेशन असतं. 'बघू' म्हणायचं नाही. इन्शाल्ला म्हणायचं आणि यायचं.

आता शेवटचं. या शुक्रवारी अर्शबरोबर येऊ नका. त्याला मी सांगून ठेवलंय, यल्ला, चल, तू आपला एकटा ये. शुक्रवारी सकाळी मी निघते आहे. होय, रुवैसला. अबूधाबीपर्यंत दोनदा जाऊन आले आहे, काळजी नको. रुचा जाताना माझ्याशेजारी बसेल, येताना मागे, कानात तिचं ते घालून. दिवस मावळायच्या आत घरी पोचू.

वाटेत बोर्ड मी वाचेन. तुम्ही फक्त माझ्याकडे बघून बोला. मी मात्र समोर बघेन, आता मला तो नियम आहे. माझा उजवा गाल पाठ करायला तुम्हाला तीनशेहून जास्त किलोमीटर मिळतील.

शुक्रवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की गेटपाशी उभे राहा. सवयीनं डावीकडच्या दाराकडे याल, म्हणून लिहिते, ते दार उघडायचं नाही. तुमचे पाय लांब आहेत, म्हणून उजवीकडची सीट मी आत्ताच खाली जाऊन मागे सरकवून ठेवली आहे.

वाट बघा, मी न्यायला येते आहे.

तुमची,
विद्युल्लता